फासे निकाल सांगतात, कुस्ती आपल्याला दिसावी लागते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साखळीला तुम्ही चार मित्र मिळून कार्ड आणि फाशांचा कुस्तीचा खेळ खेळता. प्रत्येक पैलवानाचं एक कार्ड. त्यावर २ ते १२ अशा अकरा ओळी. प्रत्येक ओळीत एक डाव, त्याचे गुण आणि बचावाचा आकडा. दोन फासे टाकून जी बेरीज येईल तो डाव लावायचा. समोरच्यानं दोन फासे टाकायचे. त्याची बेरीज बचावाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त आली तर डाव फसला, नाहीतर तेवढे गुण त्याच्या दमातून, म्हणजे सुरुवातीला मिळालेल्या गुणांच्या साठ्यातून, वजा. सुरुवातीला रंगत आली, पण आता सगळे पैलवान सारखेच वाटतात. ‘सुप्लेक्स बसला, सात गुण. क्लोथलाइन बसली, चार गुण.’ वाण्याच्या वहीसारखं. डाव डोळ्यांसमोर कसे आणायचे, प्रत्येकाची लढण्याची ढब वेगळी कशी करायची, आणि आपली मातीतली कुस्ती या खेळात बसवता येते का, असे तुमचे तीन प्रश्न. सोबत तुम्ही ‘सत्तरीचा वाघ’ हे तुमचं कार्डही पाठवलंय. त्याकडे शेवटी येतो.

मी फोंड्याला हे खेळ बरीच वर्षं खेळवतो आहे, कार्डंही बनवून देतो. हा प्रश्न घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी एकच उपाय करून आलेला असतो: त्यानं डावांची यादी लांबवलेली असते. टीव्हीवर नवा डाव दिसला की टाक कार्डावर. त्यानं कार्ड भरतं, पैलवान मात्र उभा राहत नाही. पैलवान ओळखू येतो तो दोन जागी. डाव लावण्याआधी त्याचा हात पहिल्यांदा कुठे जातो, ही एक. आणि डाव फसल्यावर तो कुठल्या अवस्थेत सापडतो, ही दुसरी. मधला डाव दहा जणांचा सारखा असला तरी चालतो. या दोन जागा तुम्ही कार्डागणिक ठरवल्यात की बाकीचं आपोआप सुचायला लागतं.

एक डाव अगदी जवळून बघू. धोबीपछाड. मारणारा समोरच्याचं मनगट किंवा दंड धरतो. तो हात ओढून आपल्या खांद्यावर घेतो आणि त्याच झटक्यात वळून स्वतःची पाठ त्याच्या छातीला भिडवतो. गुडघे वाकतात, कंबर समोरच्याच्या कमरेखाली जाते. मग पुढे वाकत तो हात खाली खेचायचा, की समोरचा पाठीवरून गिरकी घेऊन मातीत. नीट जमला तर हे सगळं श्वास घेईपर्यंत संपतं.

आता हाच डाव फसताना बघा. फसण्याच्या जागा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येक जागेचा परिणाम वेगळा. घामानं मनगट निसटलं, तर दोघं पुन्हा समोरासमोर, कुणाचंच काही गेलं नाही. पण हात पक्का धरला, वळलाही, आणि कंबर खाली न्यायला उशीर झाला, तर त्यानं स्वतःहून पाठ दिलेली आहे. समोरचा कमरेला मिठी घालून ताबा घेणार, आणि मारणारा आता चारी पायांवर जाऊन जीव वाचवणार. तुमच्या कार्डावर धोबीपछाडचा बचावाचा आकडा ९ आहे असं धरू. ३६ पैकी १० वेळा डाव फसेल. त्यातल्या ९ किंवा १० पडलेल्या सात वेळा ‘हात निसटला’ म्हणा. ११ किंवा १२ पडलेल्या तीन वेळा ‘पाठ दिली’ म्हणा, आणि समोरच्याला पुढच्या दानात दोन जादा गुण द्या. खेळाचा नियम जवळपास आहे तसाच राहिला, पण आता प्रत्येक फसलेल्या दानाला गोष्ट आहे. शिवाय ज्याच्या कार्डावर असे पाठ देणारे डाव जास्त, तो धाडसी पैलवान. ज्याच्या कार्डावर एकही नाही, तो सावध. हे कुठे लिहावं लागत नाही, चार दानांत सगळ्यांना कळतं.

टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीतल्या, म्हणजे रिंगमधल्या, डावांना हीच कसोटी थोडी बदलून लावा: डाव बसल्यावर मारणारा उभा असतो की आडवा? बॉडीस्लॅममध्ये उचलून आपटलं, मारणारा उभाच. क्लोथलाइनमध्येही, म्हणजे आडवा हात समोरच्याच्या छाती-गळ्यावर हाणताना, तसंच. उलट सुप्लेक्समध्ये समोरच्याचं डोकं काखेत धरून, त्याचा हात आपल्या मानेवर घेऊन, कमरेला धरून उचलायचं आणि स्वतः मागे पडायचं. म्हणजे पाठ दोघांची टेकते. डीडीटीतही, म्हणजे काखेत धरलेलं डोकं जमिनीवर आपटताना, मारणारा खाली जातो. ड्रॉपकिक, म्हणजे उडी घेऊन दोन्ही पायांची लाथ, मारणारा तर डाव बसला तरी पडतोच. मग प्रश्न उरतो, आधी कोण उठतं? ज्याचे सगळे डाव त्याला उभं ठेवतात, तो रिंगचा मालक वाटतो, अंगानं लहान असला तरी. जो प्रत्येक हल्ल्यात स्वतःही जमिनीवर जातो, त्याच्या लढतीत धाकधूक राहते. तुमच्या सगळ्या कार्डांवरच्या डावांपुढे फक्त ‘उ’ आणि ‘आ’ अशी अक्षरं लिहून काढा. कोणते दोन पैलवान एकाच साच्याचे आहेत ते लगेच दिसेल.

डाव कल्पनेत यायला आधी खरे डाव पाहावे लागतात, याला पर्याय नाही. पण पाहताना डावाचं नाव टिपू नका, लढतीचा आकार टिपा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये योगेश्वर दत्तनं ६० किलो गटात कांस्य मिळवलं ती लढत अजून मनातून जात नाही. उजवा डोळा सुजून जवळजवळ मिटलेला, आणि निर्णायक क्षणी त्यानं उत्तर कोरियाच्या मल्लाच्या घोट्यांची कात्री करून ‘फितेले’ लावला. पाय आवळून धरलेले, आणि त्या पकडीवर समोरच्याला लोळवायचं, पुन्हा लोळवायचं, पुन्हा लोळवायचं. एक पकड बसली की गुणांची रांग लागते. हा एक आकार झाला. कार्डावर तो असा येतो: हा डाव बसला तर पुन्हा दान टाका, बचाव होईपर्यंत तोच डाव चालू.

साक्षी मलिकचा आकार वेगळा. २०१६ साली रिओमध्ये ५८ किलो गटाच्या कांस्यपदकाच्या लढतीत ती ०-५ अशी मागे होती आणि शेवटच्या क्षणांत ८-५ नं जिंकली. रवी दहियाचं टोकियोतलं उपांत्य फेरीचं उदाहरण आणखी टोकाचं. कझाकस्तानच्या मल्लाविरुद्ध २-९ असा मागे पडलेला पोरगा चीतपट करून निघाला, आणि तेही दंडाला कडकडून चावा घेतला जात असताना. हे उशिरा पेटणारे पैलवान. अशा कार्डाला पहिल्या निम्म्या लढतीत प्रत्येक डावाचा एक गुण कमी द्या आणि दम अर्ध्यावर आला की दोन गुण जास्त. टेबलाभोवती बसलेल्यांना हे माहीत असलं की तो मार खात असतानाच वातावरण तापायला लागतं.

आणि खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गोळेश्वरचा हा लहान चणीचा माणूस ‘ढाक’ या डावासाठी ओळखला जायचा: समोरच्याच्या मानेला विळखा घालून, जवळ ओढून, फेकायचं. लहान चणीच्या पैलवानाला पळता-उड्या मारताच कल्पायची जी सवय टीव्हीनं लावली आहे, ती सोडण्यासाठी खाशाबा आठवावेत. बुटका माणूस जवळ शिरून लढू शकतो. किंबहुना जवळ शिरणं त्याच्याच फायद्याचं असतं, कारण त्याची कंबर आधीच खाली आहे.

व्यावसायिक रिंगमधून घ्यायची गोष्ट म्हणजे अवयवाचा हिशेब. अमेरिकेचा रिक फ्लेअर शेवटी फिगर-फोर या पकडीनं समोरच्याचे पाय अडकवायचा, म्हणून त्याआधी लढतभर त्याचं लक्ष पायावर. कॅनडाच्या ब्रेट हार्टची शार्पशूटर ही पकड पाय आणि कंबर पिळते, म्हणून आधी कमरेवर घाव. शेवटचा डाव आधीच्या दहा डावांना दिशा देतो. मेक्सिकोच्या रिंगणात तर शैलीचे दोन पंथच आहेत, नियमानं लढणारे टेक्निको आणि दांडगाई करणारे रुडो. तिथं पकडी साधारणपणे उजव्या हाता-पायावर घेतात, अमेरिकेत डाव्यावर. एवढी बारीक गोष्ट कार्डावर लिहिली, ‘हा नेहमी उजव्या बाजूनं येतो’, तरी वर्णन करणाऱ्याला हातपाय सापडतात. जपानमध्ये अंतोनियो इनोकीनं १९७२ मध्ये न्यू जपान ही संस्था काढली, आणि तिथल्या ‘स्ट्राँग स्टाइल’मध्ये लाथा-फटके खऱ्यासारखे लागतात. आपल्याकडे दारासिंग होताच. १९६८ मध्ये मुंबईत त्यानं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. थेझ म्हणजे पकडींचा जाणकार, दारासिंग म्हणजे आखाड्यात घडलेली ताकद. अशी जोड लावली की दोघांच्या ढबी एकमेकांमुळेच उठून दिसतात. दोन एकसारखे पैलवान कितीही चांगले असले तरी लढत सपक होते.

आता फाशांकडे येऊ. इथंच बहुतेक घरगुती कार्डं मार खातात, त्यामुळे जरा थांबून सांगतो.

दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. ७ ची बेरीज सहा जोड्यांतून येते, ६ आणि ८ प्रत्येकी पाच जोड्यांतून. म्हणजे ६, ७, ८ मिळून ३६ पैकी १६ दानं, ४४ टक्के. २ आणि १२ प्रत्येकी एकाच जोडीतून. वीस दानांच्या लढतीत १२ एकदाही न पडण्याची शक्यता ५७ टक्के आहे. तरीही प्रत्येक जण आपल्या पैलवानाचा हुकमी डाव १२ वर लिहितो, कारण तो ‘मोठा’ आहे. मग निम्म्याहून अधिक लढतींत तो डाव दिसतच नाही, आणि ७ वर मात्र ‘ठोसा, दोन गुण’ असं काहीतरी सहज टाकलेलं असतं. म्हणून तुमचे सगळे पैलवान सारखे वाटतात! ज्या तीन ओळी सर्वाधिक बोलतात, त्या तीन ओळी तुम्ही विचार न करता भरल्या आहेत.

मी कार्ड बनवताना मधून सुरुवात करतो. ७ वर काय? तर हा पैलवान काहीच सुचत नसताना जे करतो ते. मानेवर हात ठेवून रेटणारा आहे, मनगट धरून बसणारा आहे, बाजूला सरकणारा आहे, की थेट पायात शिरणारा? ६ आणि ८ वर त्याच सवयीची दोन भावंडं. ही तीन दानं पडत राहतात आणि कुणी न सांगता लोकांच्या डोक्यात त्या माणसाची चाल बसते. ५ आणि ९ वर त्या चालीतून निघणारे खरे गुणांचे डाव. ४ आणि १० वर काहीतरी वेगळं, समोरच्यानं चालीची सवय करून घेतली असेल तर चकवणारं. २ वर मी नेहमी त्याची खोड ठेवतो: रागावणं, प्रेक्षकांकडे बघत बसणं, जुनी दुखापत वर येणं. आणि हुकमी डावाला दोन दारं ठेवतो. १२ वर तर तो आहेच. शिवाय ठरावीक अवयवावर तीनदा घाव बसला की तो ७ वरही लागू होतो. शक्यता ३६ पैकी १ वरून थेट ७ वर जाते. तिसरा घाव बसला रे बसला की टेबलावरची सगळी माणसं पुढे सरकून बसतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की या एका नियमासाठी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

वेगवेगळ्या अंगाचे पैलवान उभे करायचे तर दूर जायची गरज नाही. गोव्यात कामं अशी आहेत की प्रत्येक कामातून एक शरीर घडतं. रापण ओढणारा माणूस घ्या. किनाऱ्यावर दोन्ही दोरांना रांगा लावून जाळं ओढायचं. टाचा वाळूत रुतवायच्या, अंग मागे झुकवायचं, आणि सगळ्यांच्या लयीत खेचायचं. असा माणूस कुस्तीत ढकलणार नाही, ओढणार. त्याच्या कार्डावर ७ ला ‘मनगट धरून खेचणे’, ६ ला ‘मान खाली ओढणे’, ८ ला ‘खेचून मागे जाणे आणि कमरेचा ताबा’. त्याची दुबळी बाजूही त्यातच आहे: जो पैलवान ओढीला विरोध न करता त्याच दिशेनं अंग टाकून घुसेल, त्याच्यापुढे हा पाठीवर जाईल, कारण याचं वजन कायम टाचांवर. एकेरी किंवा दुहेरी पट मारणाऱ्याविरुद्ध, म्हणजे एका किंवा दोन्ही पायांत शिरणाऱ्याविरुद्ध, रापणकाराला लागणारा बचावाचा आकडा एकानं वाढवा, काम झालं. बघा, कामाच्या एका हालचालीतून ताकद आणि उणीव दोन्ही निघाली.

माझा आवडता मात्र मानशीकार. खाडीकाठच्या खाजन शेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचवणारी मानस, म्हणजे बांधातलं झडपांचं दार, तुम्ही पाहिली असेल. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं झडपा मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि आतलं पाणी बाहेर पडतं. त्या दारावर राबणारा माणूस भरती-ओहोटीच्या वेळा अंगात घेऊन जगतो. असा पैलवान हल्ला कधी करणार? समोरच्याचा जोर ओसरल्यावरच. त्याच्या कार्डाला मी एक वेगळा नियम लावला. समोरच्याचा डाव बसत असेल तोवर याचे डाव अर्ध्या गुणांचे. समोरच्याचा डाव फसला की लगेचच्या दानात दुप्पट गुणांचे. ७ वर ‘कोपर मिटून, हनुवटी छातीला लावून उभा’. ५ वर ढाक, कारण थकून अंगावर रेलणाऱ्याची मान आयती मिळते. वरवर कंटाळवाणा वाटणारा हा पैलवान आमच्या टेबलावर सगळ्यांचा लाडका झाला, कारण समोरचा डाव फसला की सगळे एकदम ओरडतात, ‘ओहोटी!’

तोंडवळा झाकलेला एखादा हवा असेल तर कुंभारजुव्याच्या कालव्यातली मगर आहेच: जमिनीलगत राहणारा, घोटा किंवा मान धरून स्वतःच गिरकी घेणारा. माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या मांड्यांची आणि तळव्यांची पकड कात्री मारायला उत्तम. पुढचे तुम्ही स्वतः शोधा.

फक्त एक सांगणं आहे, आणि ते मी कळकळीनं सांगतो. अमेरिकेच्या रिंगमध्ये परदेशी माणसाला खलनायक करायची जुनी चाल आहे. ती आपल्याकडे आणू नका. ‘घाटी’, अमक्या धर्माचा, तमक्या जातीचा असा खलनायक टेबलावर पटकन हशा मिळवतो, पण ढब म्हणून त्याच्याकडे काहीच नसतं; तो कसा लढतो हे विचारलं तर उत्तर नाही. रुडो करायचाच तर त्याची दांडगाई हालचालीत दाखवा. पंचाच्या पाठीआड बोट पिळणारा. दोराला लटकून पकड न सोडणारा. मातीत असेल तर समोरच्याच्या डोळ्यांकडे माती उडवणारा. लोक त्याचा राग करतील, आणि तो राग त्याच्या कृत्यांचा असेल.

टेबलावर बोलायचं कसं, हाही तुमच्या पहिल्या प्रश्नाचाच भाग. इथं मला पेडण्याकडचा दशावतार गुरू वाटतो. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलेलं, शेवटी कोण पडणार तेही सगळ्यांना ठाऊक. तरी राजा आणि राक्षसाचं युद्ध सुरू झालं की पहाटेचे पेंगलेले लोक सावरून बसतात. का? कारण नट प्रत्येक घावाआधी थांबतो. नजर, पवित्रा, एक आव्हान, मग मृदंगाची थाप आणि घाव. फाशांच्या खेळात हेच करा. दान टाकण्याआधी एक वाक्य बोला, नंतर नाही. ‘रापणकार मनगटाकडे हात नेतो...’ आणि मग फासे. आकडा काय पडतो त्यावर वाक्याचा उरलेला अर्धा. ७ पडले तर तीच खेच. ९ पडले तर खेच देता देता त्यानं अंग आत घातलं. आधी बोलल्यामुळे दान हा त्या हालचालीचा शेवट होतो. नंतर बोललात तर ती नुसती टिप्पणी होते.

डाव फसला तर वर्णन समोरच्यानं करायचं. हा नियम पक्का ठेवा. ज्याच्या पैलवानानं स्वतःला वाचवलं, तो कसा वाचवला ते तोच सांगेल. मातीच्या कुस्तीत याला तोड म्हणतात, आणि तोड सांगायची म्हणजे समोरच्याचा डाव नीट समजून घ्यावा लागतो. तुमच्या चौघांतला जो गप्प असतो, त्याला या नियमानं तोंड फुटेल. वर्णन लांबवू नका. एका दानाला दोन वाक्यं पुरे. हुकमी डावाला चार. एक अवयव, एक आवाज, एक जागा: ‘टाच घसरली, फळ्या दणाणल्या, तो दोराशी.’ प्रत्येक ठोशाला ‘प्रचंड’, ‘भयानक’ म्हणत गेलात तर खरा डाव येईल तेव्हा शब्द उरणार नाहीत.

आणि वजन विसरू नका. ऑलिंपिकमध्ये ५७ किलोवाला १२५ किलोवाल्याशी कधी लढत नाही. तुमच्या टेबलावर लढतो. मग ‘बॉडीस्लॅम’ पडलं म्हणून छोट्यानं डोंगर सहज उचलायचा का? १९८७ मध्ये हल्क होगननं आंद्रे द जायंटला उचलून आपटलं त्याची आठवण लोक अजून काढतात, ते उचलणं अवघड होतं म्हणूनच. वजनात मोठी तफावत असेल तर उचलण्याचा डाव पहिल्या दोन वेळी अर्धाच होऊ द्या: उचलायला गेला, कंबर लचकली, सोडलं. तिसऱ्यांदा पडला तर उचलू द्या.

मातीची कुस्ती बसते का? बसते, पण दमाचे गुण काढून टाकावे लागतील. निकाली कुस्तीत पाठ टेकली की संपलं. मार किती बसला याला अर्थ नाही. कोल्हापूरचं खासबाग मैदान, शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ चं. किंवा आपल्याला चोर्ला घाटातून जवळ पडणारा बेळगावचा आनंदवाडी आखाडा. कुठेही जाऊन बघा. हलगी वाजते, शड्डू ठोकले जातात, सलामी होते, मग बराच वेळ खडाखडी चालते. मानेवर हात, कपाळाला कपाळ, एकमेकांचा कस काढणं. नवख्याला वाटतं काहीच घडत नाही. आणि मग एखादी टांग लागते किंवा कलाजंग बसतो, समोरचा खांद्यांवर आडवा उचलला जातो, आणि लोक उठून उभे.

म्हणून टेबलावर ताब्याची एक पट्टी काढा: मध्ये शून्य, दोन्हीकडे चार-चार घरं. खडाखडीची दानं एखादं घर सरकवतात. डाव मात्र ताबा तिसऱ्या घरावर गेल्याशिवाय लावता येत नाही. लावला आणि बसला, तर चीतपट. फसला, तर पट्टी पलटते. जो तिसऱ्या घरावर होता तोच आता समोरच्याच्या तिसऱ्या घरावर सापडतो. डाव कधी लावायचा हा निर्णय खेळणाऱ्याचा, फाशांचा नाही. त्यामुळे धीट आणि सावध माणूस इथं स्वतःची ढब स्वतःच घेऊन येतो. कुस्ती कधी दोन मिनिटांत संपेल, कधी रेंगाळेल. रेंगाळली तर पंचानं बरोबरीत सोडवावी, फडात तसंच होतं. एका संध्याकाळी पाच-सहा जोडी लावा, लहान पैलवानांपासून सुरू करून शेवटी मोठी कुस्ती. दोरांवरून उड्या, खुर्च्या, मुखवटे इथं आणू नका. रिंगचं रिंगला, मातीचं मातीला.

एक सूचना घरात लहान भावंडं असतील तर. डाव समजून घेण्यासाठी उभं राहून हळू पायरी-पायरीनं करून बघणं चांगलं, मनगट धरून वळण्यापर्यंत. उचलणं आणि डोक्यावर टाकणं, पाइलड्रायव्हरसारखं (उलटं धरून डोकं जमिनीवर आपटणं) काहीही, अजिबात नाही. मान मोडते.

आता ‘सत्तरीचा वाघ’. तुमच्या कार्डावर अकराच्या अकरा ओळी मोठ्या डावांच्या आहेत; ७ वर मूनसॉल्ट (दोरावरून उलटी कोलांटी घेऊन अंगावर पडणं), ८ वर पॉवरबॉम्ब (खांद्यापर्यंत उचलून पाठीवर आपटणं). दर तिसऱ्या दानाला यातला एखादा पडतो आणि तिसऱ्या वेळी कुणाला काही वाटत नाही. वाघ दबा धरतो, मागून येतो, मानेला धरतो. तेवढ्यावर कार्ड उभं करू. ७: वाकून बाजूबाजूनं फिरणे, गुण नाहीत, पण पुढच्या डावाला दोन जादा. ६: पंजा, म्हणजे मानेवर मागून थाप. ८: घोट्याला झडप. ५: बगलेखालून मागे जाऊन कमरेचा ताबा. ९: मागून उचलून आपटणे. ४: दोराआड दबा, समोरच्याला एक दान हुकवावं लागतं. १०: पॉवरबॉम्ब इथं आणा, कधीतरी पडेल आणि पडेल तेव्हा दणकेल. ३ आणि ११ वर तुम्हाला आवडणारे कुठलेही दोन डाव ठेवा. २: गुरगुरत प्रेक्षकांकडे वळतो, बचाव एका दानापुरता बंद. १२: मागून मानेला विळखा, स्लीपर. मानेवर तीन घाव झाले की हा विळखा ७ वरही, आणि मग ते नुसतं बाजूबाजूनं फिरणंच धोक्याचं होतं. मूनसॉल्ट काढून टाका. तो दुसऱ्या कुणाला तरी द्या, पाडेल्याला शोभेल. पहिली लढत मानशीकाराशी लावून बघा: दोघंही समोरच्याच्या चुकीची वाट बघणारे, त्यामुळे खडाखडी लांबेल. वीस दानं झाली तरी कुणी पुढे सरकत नसेल तर वाघाच्या ७ वरचे जादा गुण दोनाचे तीन करा, आणि काय झालं ते मला कळवा.